स्प्लाइन: लाकडी पट्टीपासून पडद्यावरच्या हट्टी रेघेपर्यंत



या मालिकेत आपण आरेखनाच्या साधनांचा इतिहास बघतो आहोत. आजचं साधन म्हणजे स्प्लाइन. आमचा विषय तत्त्वज्ञान. आयुष्य गेलं ते नीतिशास्त्र आणि तर्कशास्त्र शिकवण्यात. तेव्हा कॅडमधल्या वक्ररेषेवर आम्ही बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. पण या रेघेचा प्रश्न मुळात बंधन आणि मोकळीक यांचा आहे, आणि या दोन शब्दांशी आमची ओळख जुनी आहे.

आधी तक्रार मांडू, कारण इतिहास तिच्यासाठीच सांगायचा आहे. आपल्या श्रोत्यांत संगणकावर यंत्रभागांची ड्रॉइंगं करणारे बरेच जण आहेत. त्यांच्याकडून एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतं. स्केचमध्ये सरळ रेघ काढली, वर्तुळ काढलं, मापं टाकली, की ती निमूट जागेवर बसतात. स्प्लाइन काढली की त्रास सुरू. एक बिंदू ओढला तर फुगवटा तिसरीकडेच येतो. टोकाला शेजारच्या रेघेशी स्पर्शिका जुळवली तर मधला भाग वळवळतो. मापांवर मापं टाकली तरी स्केच 'पूर्ण बांधलेलं' म्हणून रंग बदलत नाही. आणखी एक माप टाकलं की प्रोग्राम ओरडतो, बंधनं जास्त झाली. आणि सगळं जमलं असं वाटावं, तर आठ दिवसांनी कोणीतरी एक लांबी 40 ची 55 करतो आणि वक्राला मध्येच गाठ पडते.

बहुतेकांना वाटतं की हा सॉफ्टवेअरचा दोष आहे, पुढच्या आवृत्तीत सुधारेल. काही दोष सुधारतीलही. पण मूळ अडचण इतिहासात आहे. दोन वेगळ्या परंपरा वेगळ्या गरजांतून जन्मल्या आणि फार उशिरा एका पडद्यावर आल्या. त्यांपैकी एक वक्राची परंपरा, दुसरी बंधनाची. आज आपण दोन्हींचा माग काढू.

वक्राची परंपरा जहाजांच्या गोदीतून येते. जहाजाच्या पोटाचा आकार कंपासने काढता येत नाही. म्हणून गोदीत एक मोठा माळा असे, त्याला लॉफ्ट म्हणत. तिथल्या जमिनीवर जहाजाच्या रेषा खऱ्या मापात आखल्या जात. आखण्याचं साधन म्हणजे लाकडाची लांब, बारीक, लवचीक पट्टी. तीच मूळची स्प्लाइन. ठरलेल्या बिंदूंवरून ती वाकवायची आणि जागेवर राहावी म्हणून तिच्यावर शिशाची वजनं ठेवायची. इंग्रज कामगार या वजनांना त्यांच्या आकारावरून 'बदकं' म्हणत, कोणी 'देवमासे' म्हणत. पट्टी बसली की तिच्या कडेने रेघ ओढायची.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वजनं फक्त काही ठिकाणी असत. दोन वजनांमधला वक्र कोण ठरवत होतं? कामगार नव्हे. लाकूड ठरवत होतं. वाकवलेल्या पट्टीत ताण साठतो, आणि दिलेल्या अटींत तो कमीत कमी राहील असा आकार ती आपणहून घेते. म्हणजे कामगाराने दहा-बारा गोष्टी सांगायच्या, उरलेल्या असंख्य गोष्टी पट्टीचा स्वभाव सांगणार. हे न बोललेलं बंधन होतं आणि ते फुकट मिळत होतं.

या स्वभावाचं गणित फार पूर्वी झालं होतं. वाकलेल्या लवचीक पट्टीचा आकार कोणता, हा प्रश्न याकोब बर्नुली यांनी 1691 साली मांडला. डॅनियल बर्नुली यांनी 1742 मध्ये ऑयलर यांना पत्रातून सुचवलं की वक्रतेच्या वर्गाची एकूण बेरीज जिथे सर्वांत कमी होते, तो आकार शोधा. ऑयलर यांनी 1744 च्या आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात तो शोधला आणि अशा वक्रांचे नऊ प्रकार लावून दाखवले. गोदीतल्या कामगाराला यातलं काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. पट्टी त्याच्यासाठी ते गणित सोडवून देत होती.

इथे आम्हाला ॲरिस्टॉटलची आठवण होते, आणि ती विषयाला धरून आहे. 'निकोमाखियन एथिक्स'च्या पाचव्या भागात तो लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला देतो. दगड जसा असेल तशी ती पट्टी वळते. ताठ राहत नाही. कायदा सगळ्याच प्रसंगांना सरसकट लागू पडत नाही, म्हणून न्यायबुद्धी या पट्टीसारखी असावी लागते, हे त्याला सांगायचं आहे. आपल्यासाठी मुद्दा वेगळा. शिशाची पट्टी आणि लाकडाची पट्टी, दोन्ही वाकतात, पण सारख्या नाहीत. शिसं दाबाल तसं राहतं, त्याचं स्वतःचं म्हणणं काही नसतं. लाकूड वाकतं, पण आपलं म्हणणं सोडत नाही. हा फरक मनात ठेवा. संगणकावरची स्प्लाइन या दोहोंपैकी कोणासारखी, हा आजचा खरा प्रश्न आहे.

विसाव्या शतकात लाकूड अपुरं पडू लागलं. विमानाचे भाग एकाच वेळी अनेक कारखान्यांत बनू लागले. लॉफ्टच्या जमिनीवरची रेघ उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. आकडे नेता येतात. अमेरिकेत रॉय लायमिंग यांनी पी-51 मस्टँग विमानाच्या आकारासाठी शंकुच्छेदांचं गणित वापरलं आणि 1944 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच युद्धाच्या काळात आयझॅक शोएनबर्ग हे गणिती अमेरिकी सैन्याच्या ॲबर्डीन इथल्या संशोधन केंद्रात तोफमाऱ्याच्या कोष्टकांतले आकडे गुळगुळीत करण्याच्या कामावर होते. 1946 च्या निबंधात त्यांनी बहुपदींचे तुकडे एकमेकांना सफाईने जोडून वक्र बनवला आणि त्याला आरेखकांच्या पट्टीवरून 'स्प्लाइन' हे नाव दिलं.

नाव लाकडाचं आलं. स्वभाव किती आला? 1957 मध्ये हॉलडे यांनी सिद्ध केलं की दिलेल्या बिंदूंतून जाणारी तृतीय घाताची स्प्लाइन दुसऱ्या अवकलजाच्या वर्गाची बेरीज कमीत कमी ठेवते. ही पट्टीतल्या ताणाची जवळपासची किंमत आहे, खरी नाही. चढ-उतार सौम्य असेल तोवर दोन्ही सारख्या. वक्र जोरात वळला की फरक पडतो. म्हणजे गणिताने लाकडाचा स्वभाव घेतला, पण पातळ करून घेतला. नॉर्वेत ईव्हन मेहलम यांनी ऑटोकॉन या जहाजबांधणीच्या संगणक प्रणालीसाठी खऱ्या पट्टीच्या अधिक जवळ जाणारा वक्र वापरला. पण जगाने सोपं गणित उचललं, आणि त्याला कारणंही होती.

सर्वांत मोठं कारण मोटारींच्या कारखान्यांत सापडतं. पॉल द कास्तेल्जो हे 1958 मध्ये सित्रोएनमध्ये रुजू झाले आणि 1959 मध्ये त्यांनी वक्र काढण्याची एक अतिशय सुबक रीत शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. पलीकडे रेनोमध्ये पिएर बेझिए हे इंजिनियर 1960 च्या दशकात त्याच दिशेने स्वतंत्रपणे पोचले आणि त्यांनी ते प्रसिद्ध केलं, म्हणून वक्राला नाव बेझिएचं लागलं. त्यांची व्यावहारिक अडचण अशी होती: गाडीच्या पत्र्याचा आकार शेवटी एका हाताने घडवलेल्या मास्टर मॉडेलवर ठरत असे, आणि ड्रॉइंग, मॉडेल, साचा या तिघांचं एकमेकांशी पूर्ण जुळत नसे. आकार आकड्यांत लिहिला तर वादच मिटेल.

या रीतीत वक्र दिलेल्या सगळ्या बिंदूंतून जात नाही. बाहेर काही नियंत्रण बिंदू असतात, वक्र त्यांच्याकडे ओढला जातो. पुढे 1972 मध्ये द बोअर आणि कॉक्स यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, बी-स्प्लाइन काढण्याची भरवशाची रीत दिली. तिचा फायदा मोठा होता. तो समजण्यासाठी आधी जुन्या पद्धतीचा तोटा बघा. बिंदूंतून जाणारी तृतीय घाताची स्प्लाइन घ्या, सारख्या अंतरावरच्या बिंदूंची. मधला एक बिंदू हलवा. हलण्याचा परिणाम शेजारच्या भागापुरता राहत नाही, शेवटपर्यंत जातो. प्रत्येक पुढच्या भागात तो साधारण 0.27 पट होतो आणि दिशा उलटते. एकीकडे वर, पुढे खाली, त्यापुढे वर. आपण एक बिंदू ओढतो आणि दूर कुठेतरी लाट उठते, तिचं कारण हे आहे. लाकडी पट्टीतही असंच होई. बी-स्प्लाइनमध्ये मात्र तृतीय घात असेल तर एक नियंत्रण बिंदू वक्राच्या फार तर चार तुकड्यांवर परिणाम करतो, बाकी वक्र हलतही नाही. लाकडाला हे कधीच जमलं नव्हतं.

पण याची किंमत मोजावी लागली. नियंत्रण बिंदू ठेवाल तिथे ठेवा, वक्र तक्रार करत नाही. ताण कमी ठेवण्याची अटच आता उरली नाही. वाकडा ठेवलात, वाकडा येईल. तुकडे एकमेकांना सफाईने जोडलेले राहतील, एवढीच हमी. म्हणजे आपली पट्टी लाकडाची होती ती ॲरिस्टॉटलच्या शिशाची झाली. कलाकाराच्या हाताला हे मोठं वरदान आहे. दाबून आकार देणाऱ्याला शिसंच हवं असतं.

आता दुसऱ्या परंपरेकडे येऊ, बंधनाच्या. 1963 मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी 'स्केचपॅड' हा पीएचडीचा प्रबंध सादर केला. टीएक्स-2 या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने ओबडधोबड आकृती काढायची आणि मग सांगायचं: या दोन रेघा समांतर, या दोन लांबीने सारख्या, हा कोन काटकोन. यंत्र आकृती हलवून हलवून या अटी जुळवून आणत असे. आजच्या प्रत्येक स्केचरचा हा पूर्वज. आणि त्यात काय काढता येत होतं? सरळ रेघा आणि वर्तुळाचे कंस. स्प्लाइन नाही.

हे साहजिक होतं. समांतर, लंब, समकेंद्री, स्पर्श करणारं, ही सगळी शब्दसंपदा युक्लिडच्या भूमितीची आहे, आणि त्या भूमितीत रेघ आणि वर्तुळच राहतात. गंमत अशी की सदरलंड यांच्या प्रबंधसमितीत स्टीव्हन कून्स होते. कून्स हे मुक्त पृष्ठभागांच्या गणिताचे मोठे जाणकार. पुढे सिरॅक्यूज विद्यापीठात त्यांच्या भोवतीच्या विद्यार्थ्यांतून 1973 मध्ये रीझनफेल्ड यांचा बी-स्प्लाइनवरचा आणि 1975 मध्ये व्हर्सप्रिल यांचा परिमेय बी-स्प्लाइनवरचा प्रबंध आला. आज ज्याला आपण नर्ब्स म्हणतो त्याची ही पायाभरणी. दोन्ही परंपरा एका माणसाच्या ओळखीच्या होत्या, पण यंत्रात त्यांची गाठ पडायला आणखी दीड-दोन दशकं लागली. 1980 च्या दशकाच्या शेवटी मापं बदलली की आकार बदलणारी, म्हणजे पॅरामेट्रिक, कॅड आली. बंधनं सोडवणारा भाग स्वतंत्र उत्पादन म्हणून विकला जाऊ लागला. केंब्रिजमध्ये 1989 साली सुरू झालेली डी-क्यूब्ड ही त्यातली प्रसिद्ध कंपनी. त्या युक्लिडच्या घरात मग स्प्लाइन राहायला आली.

आता हिशेब करू. प्रतलातली सरळ रेघ पूर्ण सांगायला चार आकडे लागतात. वर्तुळाला तीन. सात नियंत्रण बिंदूंच्या स्प्लाइनला? चौदा. दोन्ही टोकं जागेवर बांधली, चार गेले. दोन्ही टोकांना शेजारच्या रेघांशी स्पर्शिका जुळवली, दोन गेले. उरले आठ. हवं तर टोकांची वक्रताही शेजाऱ्याशी जुळवा, आणखी दोन जातील, सहा उरतील. या सहांना काय सांगायचं? समांतर म्हणावं तर कशाला समांतर? त्यांच्यासाठी युक्लिडच्या भाषेत शब्दच नाही. नाइलाजाने माणूस नियंत्रण बिंदूंना मापं देतो: हा डावीकडून 23.7, हा खालून 11.2. स्केचचा रंग बदलतो, 'पूर्ण बांधलेलं' अशी पावती मिळते. पण 23.7 ला काही अर्थ आहे का? तो आकडा डिझाइनमधून आलेला नाही. बिंदू त्या क्षणी जिथे होता तिथला तो पत्ता आहे. उद्या बाजूची लांबी 40 ची 55 झाली की टोक सरकतं, पत्ते मात्र जुनेच राहतात, आणि वक्राला गाठ पडते. प्रोग्रामने आज्ञा तंतोतंत पाळलेली असते.

आणि पत्ते दिले नाहीत तर? तर उरलेले आकडे सोडवणारा प्रोग्राम ठरवतो. तो साधारणपणे आधीच्या स्थितीपासून सुरुवात करून जवळचं उत्तर शोधतो. म्हणजे वक्र कसा येईल हे आपण आधी काय ओढलं, कोणत्या क्रमाने ओढलं, यावर अवलंबून राहतं. दोन माणसांनी तीच मापं टाकूनही दोन वेगळे वक्र येऊ शकतात.

आमच्या मते खरी गोम इथे आहे, आणि ती नुसत्या सोयीची नाही. ड्रॉइंग हा विचार करणाऱ्याने घडवणाऱ्याला दिलेला शब्द असतो. त्यात जे लिहिलेलं नाही ते कोण ठरवणार? गोदीत त्याचं उत्तर होतं: लाकूड. ते सगळ्यांना सारखंच लागू होतं आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पडद्यावर ती जागा रिकामी झाली. तिथे एक तर निरर्थक आकडे बसले, नाही तर माउसच्या ओढाओढीचा योगायोग बसला. दोन्ही वेळा डिझाइन करणाऱ्याचा हेतू कागदावर येतच नाही, आणि पुढच्या माणसाला कळायला मार्ग नाही की या रेघेतलं मुद्दाम काय आणि सहज झालेलं काय.

मग करायचं काय? लॉफ्टवरच्या माणसांची एक सवय आम्हाला फार शहाणपणाची वाटते. पट्टी बसली, रेघ ओढण्याआधी ते एक वजन हळूच उचलत. पट्टी जागची हलली नाही, तर ते वजन फुकटच बसलं होतं. पट्टी ताडकन उसळली, तर तो बिंदू तिला जबरदस्तीने वाकवत होता. मग त्या बिंदूचं माप पुन्हा तपासायचं. मग पट्टीच्या टोकाशी डोळा नेऊन लांबवर नजर टाकायची. बंधन बरोबर आहे की नाही हे ते बंधन काढून बघत. आपण पडद्यावर उलट करतो. रंग बदलेपर्यंत बंधनं घालत जातो.

ही सवय आजही लावता येते. बिंदू शक्य तितके कमी ठेवा. सातांनी होणारं काम पंधरांनी करू नका. एक बिंदू पुसून बघा, आकार तसाच राहिला तर तो नकोच होता. ज्या गोष्टी खरोखर ठरलेल्या आहेत, म्हणजे टोकं, टोकांच्या दिशा, एखादी कमाल उंची, त्यांच्यासाठी आधी साध्या रेघांचा आणि कंसांचा सांगाडा काढा आणि स्प्लाइन त्याला टांगा. आतल्या नियंत्रण बिंदूंना माप द्यायचंच असेल तर ते सांगाड्याच्या प्रमाणात द्या, म्हणजे लांबी बदलली तरी ते सोबत सरकतील. आणि वक्रता दाखवणारी फणी बहुतेक प्रोग्रामांत असते, ती लावून बघा. वक्रावर उभ्या राहिलेल्या तिच्या दातांची उंची सावकाश चढली-उतरली तर रेघ निकोप. मध्येच खालीवर झाली तर तिथे लाट आहे, साध्या नजरेला दिसो वा न दिसो. लॉफ्टवर टोकाशी डोळा लावून जे पाहत, तेच हे.

शेवटी एक सावधगिरी. 'पूर्ण बांधलेलं' आणि 'बरोबर' हे दोन वेगळे शब्द आहेत. चौदाच्या चौदा आकडे बांधलेली रेघ कुरूप असू शकते, आणि सहा आकडे मोकळे असलेली रेघ अगदी हवी तशी असू शकते. पण मोकळे सोडले असतील तर ते समजून सोडलेले असावेत, आणि ड्रॉइंगवर तसं एका ओळीत लिहावं: हा भाग नजरेने ठरवला आहे, अमुक माप बदललं तर पुन्हा बघावा. पुढे ते स्केच उघडणाऱ्या माणसाचे दोन दिवस त्या एका ओळीने वाचतील.

आज इथे थांबतो. पुढच्या वेळी फ्रेंच कर्व्ह म्हणून जे साचे आपण शाळेच्या कंपासपेटीत पाहिले, त्यांच्याकडे येऊ. प्रश्न असतील तर जरूर विचारा.